धाकट्याच्या शेतातली पिशवी

माती तपासणीचं मला नका सांगू! वाटणीत धाकट्या भावाला गिरणाकाठची काळी जमीन मिळाली आणि मला टेकडीच्या उतारावरची बरड, वीतभर खणलं की मुरूम. मातीचा नमुना वडिलांनी, आबांनी, स्वतः भडगावला नेऊन दिला. अहवाल आला, 'खोल काळी जमीन, ओल धरते, पाणी बेताने द्या.' म्हटलं, शिकलेल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. पाणी कमी केलं आणि उभी कपाशी वाळली.

मग कळलं, आबांनी पिशवी धाकट्याच्या शेतातून भरली होती.

"आबा, असं का केलं?"

"तपासणारा आपला सोयरा शे. त्याले बरड माती कशी दाखाडू? माले लाज वाटनी."

"आणि तीच माती माझ्या वाट्याला टाकताना नाही वाटली?"