सहा जणांचा एकच दम

मी मूळचा रामटेककडचा, ताई. तिकडं धान पिकते, पन वावर लोकायचं अन् चिखल आमचा, म्हनून आमच्या बानं बिऱ्हाड उचललं अन् नागपूरले आनलं. बा मिलमध्ये लागला, मंग मोठा भाऊ शिवराम लागला, मंग मी. आमच्या घरी आधी वाजंत्री होती. धम्मदीक्षा घेतल्यावर बानं सनई गुंडाऊन ठेऊन देली, म्हने आता कोनाच्या दारात वाजवायचं नाही. पन माहा जीव फुकन्यातच. मी बँड पार्टीत क्लॅरिनेट शिकलो. जयंतीच्या मिरवनुकीत वाजवाले लागलो का बा दुरून पाहे अन् त्याची मान हाले. काय सांगू तुम्हाले, नागपूरच्या महाल भागातली एखादी गल्ली मी एका दमात वाजवत पार केली आहे, खोटं वाटत असन तर भावाले विचारा.

भाऊ होता कार्ड खात्यात. म्हन्जे जिथं मशीन कापूस विंचरते तिथं. तिथली हवाच पांढरी. शिफ्ट सुटली का भुवया, मिशा, डोकसं सारं पांढरं, बायकोनं नवरा ओयखू नये असं. मी होतो फोल्डिंगले, कापडाच्या घड्या करत, साफ हवेत. भावाची छाती सोमवारी धरे. रविवारी एकदम चांगला, अन् सोमवारी कामावर गेला का कोनी उरावर बसल्यावानी. मंगयवारपासून जरा कमी. आमच्या वयनीनं शोध लावला का हे रविवारच्या मटनानं होते. झालं! घरातलं मटन बंद अन् भावाले गुयाचा खडा चालू. तीन वर्षं, ताई. तीन वर्षं आम्ही रविवारी वालाच्या शेंगा खाल्ल्या अन् भावाची छाती सोमवारी धरतच राहिली, पन वयनीपुढं बोलते कोन.

मंग एकदा मिलच्या दवाखान्यात छातीचे डॉक्टर आले, सरकारी, कापसाच्या कचऱ्यानं छातीले काय होते ते तपासाले. त्यायच्यात एक वझलवार बाई होत्या, बुटक्या, जाड चष्म्याच्या, अन् आवाज असा का मिलचा भोंगा लाजावा. संग मशीन. पाईपात फुकलं का एक पेन चढे अन् गोल फिरनाऱ्या कागदावर रेघ काढे. मिलमध्ये हवा उठली का ज्याची रेघ लहान त्याची नोकरी गेली. भाऊ मले म्हने, तू फुक ना गा माह्या नावानं, तुह्या छातीले काय कमी आहे. त्याच्या दोन पोरी होत्या, लहान. मी म्हटलं हाव. ते ऐकून त्याच्या खात्यातला दुसरा म्हने माह्याही नावानं फुक, मंग तिसरा, असे सहा जन झाले.

भुवयाले कापूस लावला, डोकशाले दुपट्टा गुंडायला अन् सोमवारी सहा बारी रांगेत लागलो. बाईची नजर पेनावर, कोन फुकून राहिलं ते कोन पाहते. मी तर रंगात आलो, सहाव्या बारीले पेन कागदाच्या वरच निंघून गेला. बाहेर येऊन आम्ही बम हसलो, त्यायनं मले पान खिलवलं.

पुढच्या सोमवारी पुन्हा तपासनी, तर दारातच बालटी अन् साबन. तोंड धुऊन आत या म्हने. मी धुतलं, भावाच्या नावानं फुकलो. पुन्हा धुतलं, दुसऱ्याच्या नावानं आत गेलो. बाईनं चष्मा काढला, पुसला, म्हने शिवराम, आता तुमचं नाव काय? त्यायनं मागच्या बारीचे सहा कागद टेबलावर मांडले. साऱ्या रेघा सारख्या, सुरुवातीले जिभेचा झटका अन् शेवटी सूर लांबवल्यावानी. म्हने सहा जणांची सही एकच कशी? अन् हा कागद पंचावन्न वर्षांच्या माणसाचा, याची छाती पैलवानाची? काय वाजवता तुम्ही? मी म्हटलं क्लॅरिनेट. तर हसली, बाप्पा, अशी हसली का कंपाउंडर धावत आला. मले वाटलं सुटलो. मंग चष्मा पुन्हा डोयावर चढवला अन् म्हने, तुमचा श्वास तर मी लिहून घेतला, आता शिवरामला औषध कोणाची छाती बघून देऊ?

ताई, बाजूले बाज टाकून झोपतो तो मानूस, त्याची छाती मी माह्या रेघेखाली बुजवून ठेवली होती.

घरी सांगतलं तर भाऊ उसळला. म्हने माह्या पोरी तू पोसशील काय. मंग बाईच आल्या रविवारी, आमच्या वस्तीत, रिक्शानं. चटईवर बसल्या, चाय घेतला, अन् वयनीले विचारलं, सोमवारीच काहून धरते? वयनीनं ठसक्यात मटनाचं सांगतलं. बाई म्हने मटणाचा काही दोष नाही हो. रोज धूळ खाऊन छातीला सवय होते, एक दिवस सुटी मिळाली की सवय मोडते, म्हणून सोमवारी ती पुन्हा आखडते. हा कापसाचाच आजार आहे. वयनी माह्याकडं पाहून राहिली, मी शेंगाच्या टोपलीकडं. मंग बाई भावाले म्हने, नोकरी राहीलच असं वचन मी देत नाही, पण खातं बदला म्हणून लिहीन, अन् लिहून गप बसणार नाही.

सोमवारी दवाखान्यात भाऊ सोता फुकला. पेन चार बोटं चढला अन् थांबला. मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

बाई गप बसल्या नाहीत. चार महिने मिलच्या ऑफिसात तो मोठा आवाज घुमला अन् भाऊ गेटवर लागला, मोकळ्या हवेत. बाकीचे पाचही मंग आपापल्या तोंडानं फुकले. अन् मले बाईनं आपल्या सरकारी दवाखान्यात कामाले घेतलं. काहून का लोकायले फुकताच येत नव्हतं, चूल फुकल्यावानी फुकत. मी सांगो, पोट भरून दम घ्या, मंग एका झटक्यात सोडा, अन् शेवटचा थेंब राहू देऊ नका. आता खानीतले येतात, गिट्टी फोडनारे येतात, सारे माह्याच हाताखालून जातात. बाई अजून तेवढ्याच जोरात बोलतात, त्यायचं भलं होवो.

भाऊ दर वर्षी येते. पोरी नांदून राहिल्या, नातू झाले. रेघ थोडी थोडी खाली जाते, खोटं काहून सांगू, पन मानूस हसून राहिला. परवा आला, पाईप हातात घेतला अन् म्हने, तूच फुक ना गा माह्या नावानं. मी म्हटलं नाही भाऊ, हे तुलेच फुका लागन. फुकला. मी त्या रेघेखाली नाव लिहिलं, शिवराम. जाता जाता दारातून म्हने, रविवारी ये, मटन आहे.