बांधावरचे नकोत

धारवाडच्या स्टँडवर अळणावरची बस अजून लागली नव्हती. यल्लाप्पाच्या शेजारच्या बाकावर त्याच्याच वयाची एक शेतकरी बाई आणि कॉलेजची एक पोरगी बसली होती. पोरीच्या पिशवीत दगड भरलेले दिसले, तसे यल्लाप्पाचे कान तिकडे वळले.

"एवढे दगड कशाला गं, पोरी?" बाईनं विचारलं.

"कॉलेजात दाखवायचे आहेत, अक्का. तऱ्हेतऱ्हेचे दगड गोळा करून आणा म्हणालेत सर. हुबळीत कुठं मिळणार? म्हणून गावोगाव फिरायलेय."

"पांढरा, काचेगत चमकतोय, तसला चालतोय?"

"गारगोटी? चालतोय की."

"माझ्या शेतात ढीगभर हाय. लोखंडागत काळा, जड, तोबी हाय."

"अय्यो, तोच तर मिळेना झालाय. मी नेला तर चालेल, अक्का?"

"ने की. वर्गात किती पोरं हायसा?"

"चाळीस."

"सगळ्यांस्नी घेऊन ये. रविवारी ये, झुणका-भाकरी मी करते."

"दगडांसाठी एवढं कशाला?"

"असू दे गं. पण रविवारीच यायचं. सोमवारी नांगरायला ट्रॅक्टर येतोय."

"बरं."

"आणि बांधावरच्यांना हात लावायचा न्हाई. ते माझ्या सासूनं वेचून ठेवलेत. तुम्ही शेतातलेच उचलायचे. मोठे मोठे बघून उचला, अभ्यास चांगला हुतोय."

बस लागली. पोरगी उठायच्या आत यल्लाप्पानं तिची पिशवी उचलली आणि बसमध्ये नेऊन सीटखाली नीट ठेवली.

"पोरी, त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या शेतात या, तिथंबी लई दगड हाईत. आम्ही कोंबडी करतो."