अंबाडीचं झबलं

ओढा न, मॅडम, जोरानं ओढा — फाटत नाई! कागदच हाय, पन अंबाडीचा. साल भिजवा, कुटा, लगदा जाळीवर घ्या, वाळवा, चिंचोक्याची खळ लावा — अन् मंग मांडीवर घेऊन चुरगळा. शंभरदा, दोनशेदा. तवा कुठी अंगाले टोचत नाई. जाकीट घ्या, टोपी घ्या... झबलं? भाचीसाठी? नाई, झबलं नाई करत ही प्रमिलामावशी.

फोटो? पाहू... हव, माह्याच हातचं हाय. इथच्याच एका पोरीनं काढलता, सुरभीले सातवा होता तवा. सुरभी म्हंजे माही लेक, आष्टीले देली. आता पाहा — आमच्यात लेकरू व्हायच्या आंधी त्याच्यासाठी सुई-दोरा हातात घेत नाईत. जुनं लुगडं फाडून ठेवा, बस. नवं शिवाचं थे बारशाले. मले मालूम नव्हतं का? होतं न! पन मनात आलं — हे कुठी कापड हाय, हा तं कागद हाय, कागदाले कोन विचारते? अशी हुशारी केली मी. अन् खळ तरी किती — एकाच्या जागी चार हात देले. लेकराचं धुनं रोजचं, टिकलं पाह्यजे म्हनून.

आठव्यातच झालं. पोट्टं होतं. रडलंच नाई. डॉक्टरीनबाई म्हने, मावशी, झबल्यानं काई होत नाई, असं होते कधी कधी. खरं असन. शिकेल बाई, खोटं काऊन बोलन? पन सुरभी म्हने, आई, तुवं झबलं घाल त्याले. घातलं. मीच बंद बांधले. तसंच मातीत देलं.

तवापासून पानी पडलं का मले वाटते — विरघळलं असन का थे? नाई विरघळनार. चार हात खळ हाय, मीच देली. मातीनं लेकराले पोटात घ्यावं, तं माहा कागद मधात आडवा. सुरभीचा फोन येते — हव, नाई, ठेवते — बस एवढंच. एकदा तिनं मले पोटभर शिव्या द्याव्या, मॅडम, एकदा तरी. लई जड झालं हे.

आँ? भाचीसाठी नाई, तुमच्यासाठीच? कितवा चालू हाय?... सहावा! अन् एवढ्या उन्हाची बसनं वडनेरले आली? आंधी काऊन नाई सांगितलं, पोरी? मी हे सारं तुह्यासमोर — देवा, काय बोलून बसली मी! तू काई आयकलं नाई, समजलं? काईच नाई. बस, पानी पे — नाई, नोको बसू, इथी बसूच नोको. उठ. रडतं काऊन? नोको न रडू, बाई. घरी जाय. अन् तुह्या आईले फोन लावजो — थे काई शिवून तं नाई राह्यली न, विचारजो. आत्ताच विचारजो. जाय!