अर्धी भिंत

— नाही ताई, ते गुंडाळूनच ठेवा आधी. चहा येऊ द्या, मग पाहू. तसंही मला काय कळतं तुमच्या नकाशातलं? निळ्या रेघा, लाल रेघा, आणि मधोमध एक झाड. घरात झाड! दिवसभर आम्ही केळीत उभे, आणि संध्याकाळी घरी यावं तर घरातबी झाड. हां, हां, शोभेचं. आमच्या पोरानं, नवनीतनं सांगितलं ना फोनवर. तो बसला सुरतेला एसीत, त्याला झाडाची हौस येणारच. आणि तुम्हाला इंजिनेर म्हटलं की तुमचं तोंड पडतं, म्हणून मी आठवणीनं आर्किटेक्ट म्हणतो — पण खरं सांगा, फरक काय? इंजिनेर घर बांधतो, तुम्ही घराचं चित्र काढता. बरं, रागावू नका. पोरीसारख्या आहात म्हणून बोललो.

आता मागचा नकाशा. तो काही एका जागी वाईट नव्हता, सगळाच वाईट होता. ओपन किचन म्हणे! म्हणजे दार नाही, भिंत नाही, सोयरा येऊन हॉलमध्ये बसला की ठसका थेट त्याच्या नाकात. हा नंदुरबार जिल्हा आहे ताई, इथे मिरची म्हणजे मिरची असते. आणि खापर कुठे ठेवायचं, ते काढलं होतं का तुम्ही? पुरणपोळीचं खापर, परातीएवढं, चुलीवर पालथं घालतात — ते काय त्या काचेच्या शेगडीवर ठेवू? पुण्याला पाच-पाच वर्षं शिकवतात, आणि खापर शिकवत नाहीत. आणि तो हॉल, दोन मजले उंच! वर काय? काहीच नाही. मोकळं. कोणासाठी? आमच्या खानदानात एवढं उंच कोणी जन्मलंच नाही. तरी मी म्हटलं, चला, भाव येईपर्यंत कापूस भरायला कामी येईल, तर तुमचं तोंड असं झालं जसं मी तिथे म्हैस बांधतो म्हणालो.

काय? दर वेळी मी खोड काढतो? काढणारच. घर माझं आहे. एक नकाशा दिशेवरून गेला, एक जिन्यावरून गेला, हा झाडावरून जाईल. पण मुळातली अडचण मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. ही भिंत. हीच, जिला तुम्ही पाठ टेकून बसल्या. आमच्या बापानं एकच लांबलचक घर बांधलं होतं, धाब्याचं. वाटणी झाली तशी मधली ही भिंत सामायिक राहिली — अर्धी माझी, अर्धी भिकनची, माझ्या लहान भावाची. दोघांच्या छताच्या लाकडी कड्या हिच्यावरच टेकलेल्या. ही पाडल्याशिवाय तुमचा बंगला उभा राहत नाही, आणि भिकन हो म्हटल्याशिवाय ही पडत नाही. आणि भिकन हो म्हणणारा माणूसच नाही. केळीच्या पाण्याची पाळी माझी, मोटर चालू केली यानं. बोललो, तर चार लोकांत मला म्हणतो, दादा तू नुसता वयानंच मोठा आहेस. तेव्हापासून बोलणं बंद. अशा माणसापुढे मी पदर पसरू? गाव विचारतं, बन्सीलालभाऊ, बंगल्याचं काय झालं? मी म्हणतो, भिकनला विचारा, त्यानं अडवून धरलाय.

— कोण गेलं होतं? तुम्ही? त्याच्याकडे? कधी — आत्ता? म्हणजे गाडी लावून तुम्ही आधी त्या दारात गेल्या आणि मग या दारात आल्या? कोणाला विचारून? आणि काय म्हणाला तो, शिव्या दिल्या असतील. … हो म्हणाला? कसा हो म्हणाला? लगेच? काही अट नाही, कुरकुर नाही? दादाला जसं पाहिजे तसं करू द्या — असं म्हणाला? नाही, नाही, ताई, हे तुम्ही तुमच्या मनचं सांगू ऱ्हायन्या. दादा म्हणाला तो? दादा? … आणि वर, हातभर जागा माझ्याकडून घ्या, नवी भिंत जाड बांधा? वा रे वा! मोठा दानशूर. जागा देतो मला. माले! त्याच्या बापाची जागा — बरं, आमच्या बापाची.

तुम्हाला नाही कळायची ही त्याची चाल. आता गावात सांगेल, मी तर कधीच तयार होतो. आणि तुम्हीबी काय, तो हो म्हणाला की झालं? भिंत पाडली तर त्याच्या कड्या कशावर ठेवणार? तुमच्या त्या झाडावर? छत उघडं पडेल त्याचं. धूळ किती उडेल — आणि दमा शे त्याला. पहाटे उठला की आधी खोकतो, मग चूळ भरतो, मग मोबाइलवर भजन लावतो आणि वरून स्वतः गातो, बेसूर. भाकर तर थापत नाही, आपटतो. गजराबाई होती, त्याची बायको, तेव्हा कसं, एका लयीत थाप यायची. ती गेल्यावर हाच आपटत बसतो. … मी कान लावत नाही, ताई. ऐकू येतं. कड्यांच्या फटी आहेत, काय करणार? गजराबाईच्या मौतीला गेलो होतो मी, खांदा दिला, पण बोललो नाही त्याच्याशी. माणसाला आपली इज्जत असते. मागे एक दिवस तिकडे सकाळपासून काहीच आवाज नाही, तेव्हा मीच हिला म्हटलं, कढी जास्तीची कर आणि मागच्या दारानं देऊन ये, माझं नाव सांगू नको. ताप होता त्याला. आता अशा माणसाच्या डोक्यावरचं छत काढायचं? कुठे झोपेल तो? तुम्ही केला विचार? नाही केला. तुम्ही झाडाचा केला.

— राहणारच नाही म्हणजे?

कोणाकडे? भूमिकाकडे? पोरीकडे, व्याऱ्याला? काही दिवसांसाठी जात असेल. … कायमचा? आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या सणाआधी? असं तुम्हाला म्हणाला तो, इथे आता आहे काय माझं? प्रमिला! ओ प्रमिलाबाई! ठेव तो चहा, इकडे ये. भिकन चालना व्याऱ्याले, तुले माहीत व्हतं? … माहीत व्हतं. भांडी वाटून टाकली? आणि गजराबाईचा पाटा? … तुले दिला? म्हणजे तो पाटा मन्ह्या घरात येऊन पडला आणि माले दिसना नई? वा! बठ्ठ्या गावले माहीत, मीच एकटा येडा, ओपन किचनवर भांडत बसलेला.

आणि तुमले, ताई, कोणी सांगितलं होतं त्याले विचारायला? मी सांगितलं होतं? उलट मी म्हटलं होतं, तिकडचं माझ्यावर सोडा. रेघा मारायचं काम तुमचं, तेवढ्या मारायच्या. … मी? मी कसाले विचारू त्याले? आजवर विचारलं नाही ते काय उगीच? विचारलं असतं तर हो म्हणाला असता ना तो! पहिल्या दिवशीच हो म्हणाला असता, आणि भिंत पाडायचं तुमचं ते पिवळं मशीन तेव्हाच दारात उभं राहिलं असतं. आता अशा काय पाहू ऱ्हायन्या माझ्याकडे? नवनीतला मी सांगेन काय सांगायचं ते. म्हणेन, बाईला खापर माहीत नाही.

गुंडाळा ते. भिंत पडणार नाही. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, दोघांनी हो म्हटल्याशिवाय हात लावता येत नाही? मग त्यानं म्हटलं हो, आणि मी म्हणतो नाही. झालं. तुम्ही जरा सरका, भिंतीपासून सरका — भिकन! ए भिकन! आयकी ऱ्हायना का? मी सही देवाव नई! अर्धी भिंत मन्ही शे, समजनं का? कोणले विचारीसन चालना तू? आखाजीले पोर माहेर येस रे, बाप पोरना घर जास नई! भूमिकाले फोन कर, सांग तिले, मोठा बाबा आखाजीले आठे बलाई ऱ्हायना — तुले नई, तिले!

… तुम्ही अजून इथेच, ताई? निघा. चहा पुढच्या खेपेला.