सूप निवण्याआधी

जबाब देणार : बाटलीबंद सूपच्या कारखान्यातील तपासनीस, वय २४ वर्षे, राहणार कारखान्यामागील वसाहत, खोली क्रमांक ९. दिनांक १०, बुधवार.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते, की शनिवार, ६ तारखेच्या माझ्या जबाबात एक गोष्ट चूक आहे. पातेल्याचं तापमान मी मोजलं, ते बावन्न अंश होतं, असं मी सांगितलं होतं. मी मोजलं नव्हतं. नोंदवहीतला आकडा मनाने लिहिला होता.

सूप टिकावं म्हणून आम्ही त्यात साखरेचं एस्टर आणि अंड्याच्या पांढऱ्यातलं एन्झाइम घालतो. एस्टर जिवाणूची भिंत सैल करतं, एन्झाइम ती फोडतं. एकट्याने भागत नाही. एन्झाइम पंचावन्न अंशांखालीच घालायचं, नाहीतर ते मरतं.

मिश्रण माझे वडील करतात. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. मी सात वर्षांची असताना त्यांनी माझा हात घरच्या पातेल्याला लावून शिकवलं, "दहा मोज. हात टिकला की निवलं." कारखान्यातही ते तसंच करतात. थर्मामीटर पुढे केला की म्हणतात, "ठेव गं. त्याला कधी भूक लागलीय?"

सोमवारी, १ तारखेला सकाळी साडेनऊला अप्पांनी पातेल्याला हात लावला. दहा झाले, तरी ते वीसपर्यंत मोजत राहिले आणि हसून म्हणाले, "घाल." मी एन्झाइम घातलं. दुपारी जेवताना त्यांच्या तळहातावर फोड दिसला. मी म्हटलं, "अप्पा, भाजलंय." ते म्हणाले, "कुठे?"

त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे.

शनिवारी हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

ते सूप पिऊन अकरा जण आजारी पडले. एक आजी अजून रुग्णालयात आहेत. सूप पोहोचवणाऱ्या गाडीतलं शीतयंत्र बंद ठेवल्याच्या संशयावरून गाडीवाल्या दादांना इथे बसवून ठेवलं आहे. मी आत येताना ते म्हणाले, "ताई, गाडी गारच होती हो." काल मी त्याच सूपची कारखान्यात राखून ठेवलेली बाटली तपासली. एन्झाइम मेलेलं आहे. ती बाटली गाडीत चढलीच नव्हती. दुसरी राखीव बाटली सीलबंद सोबत दिली आहे.

अप्पा आत्याकडे गेले आहेत, उद्या संध्याकाळी परततील. तिथे फोन करू नये, ही विनंती. त्यांचा हात बधिर झालाय, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

जबाब मला वाचून दाखवला. "हसून" हा शब्द गाळायचा का, असं विचारलं, मी राहू द्या म्हटलं. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. शुक्रवार, १२ तारखेला सकाळी दहा वाजता मी अप्पांना स्वतः घेऊन येईन.