खोक्यावर दोनशेवीस

—तो मोबाइल आधी खाली ठेव. नाही, उलटा ठेव, मला त्या पोराचं तोंडही बघायचं नाही. त्या व्हिडिओवाल्यानं जन्मात स्वतःच्या खिशातून एक स्क्रू विकत घेतला नसेल, सगळं फुकट येतं त्याच्या घरी, आणि तो तुला शिकवणार गेमिंगचं मशीन स्वस्तात कसं बांधायचं! आणि तू ऐकतोस! वर मला म्हणतोस काय, तर ‘दोना लिंदाल्वा, बायको म्हणते कन्सोलच घेऊ.’ मग घे की. कोण अडवतंय? जिना उतरलास की उजव्या हाताला मोआसिरचं दुकान, देईल तो तुला कन्सोल, कॉफी पाजून, गोड बोलून देईल. माझ्याकडे कशाला दोन मजले चढून आलास? — बस. स्टूल डुगडुगतं, पण पडत नाही. सव्वीस वर्षं याच गाळ्यात बसलेय मी. सगळ्या सान्ता इफिजेनियात, या अख्ख्या कॉम्प्युटरच्या बाजारात, माझ्याइतकी मशीनं बांधलेली दुसरी बाई दाखव मला. बाई जाऊ दे, पुरुष दाखव.

कन्सोल म्हणजे काय, सांगते तुला. झाकण न उघडणारा डबा. आत बघायचं नाही, हात लावायचा नाही, बिघडला की दुसरा आणायचा. खेळ घ्यायचे तेही त्यांच्याच दुकानातून, त्यांच्याच भावानं, आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर दर महिन्याला पुन्हा त्यांनाच पैसे — स्वतःच्या घरात भाडेकरू! ज्यांना डोकं चालवायचं नसतं ना, त्यांच्यासाठी ते. सोफ्यावर पाय पसरले, बटण दाबलं, झालं. — आता हे बघ. हा प्रोसेसर. चीनमधल्या कुठल्याशा ऑफिसात सर्व्हरमध्ये दहा वर्षं राबला, तिकडच्यांनी काढून टाकला, आम्ही धुऊनपुसून घेतला. नाक मुरडतात लोक. मुरडू देत. पाच नव्या पोरांना पुरून उरेल असा गडी आहे. याला चिनी बोर्ड, सोळा जीबी रॅम, आणि हे ग्राफिक्स कार्ड — वापरलेलंय, लपवत नाही मी, पण उघडून, पेस्ट बदलून, पंखे काढून मी स्वतः साफ केलंय. काय? दिवे? रंगीत दिवे हवेत? लायटिंग करायला लग्न आहे का घरात? — दिवे नाहीत. हातही लावू नकोस त्या पंख्याला, तो दुसऱ्याचाय.

राहिला पॉवर सप्लाय. आणि इथंच सगळे शहाणे कंजूष होतात. कार्ड भारीतलं पाहिजे, मित्रांना दाखवायला, आणि ज्याच्यातून सगळ्या मशीनला करंट जातो तो डबा मात्र सगळ्यात स्वस्त. तूही तेच म्हणणार, चेहऱ्यावर दिसतंय. ‘तो साधा चालेल ना, मागे लाल खटका असतो तो?’ — नाही चालणार. ठेवतच नाही मी तो आता. आठ महिने झाले, एकही ठेवलेला नाही. समोरच्या गाळ्यात ढिगानं पडलेत, तिकडून आण, पण मग मशीनही त्याच्याकडूनच बांधून घे. — का म्हणजे? माझी मर्जी. — राहतोस कुठे तू? कुठे? मासेयो? म्हणजे तुमच्या भिंतीत दोनशेवीस व्होल्ट. अरे, मग हे आधी सांगायचं की नाही! इथं एकशेदहावर तपासायचं आणि तिकडं जाऊन दोनशेवीसमध्ये खुपसायचं, देश एक आणि तऱ्हा दोन, आणि त्या साध्या सप्लायला कळत नाही ना आपण कुठं आहोत ते. त्याला आपणच सांगावं लागतं, तो खटका सरकवून. सरकवला नाही, की पहिल्या बटणाला — फट्ट. धूर. सप्लाय जातो, जाताना बोर्डाला घेऊन जातो.

माझ्या हातून? — माझ्या हातून कशाला होईल? भलतंच. मी आपलं सांगतेय तुला. ते वाटेत झालं. कारुआरूला पाठवलं होतं मशीन, तिकडंही दोनशेवीसच, माझ्या भावाकडे, एरिव्हाल्दोकडे, तीन दिवसांचा प्रवास, ट्रकवाले कसे फेकतात माहितेय ना, धक्क्यानं खटका सरकला असेल. असंही होतं. — होत नाही? तुला काय माहीत होत नाही ते? इंजिनिअर आहेस? — बरं, नाही होत. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून सरकवावा लागतो तो, धक्क्यानं नाही सरकत. माहितेय मला. मलाच शिकवतोयस.

मशीन भावासाठी नव्हतं, त्याच्या पोरीसाठी होतं. रायानी. बाप्तिस्म्याला मी हातावर घेतली तिला, तिची धर्माची आई मी, मादरिन्या, मला पोरबाळ नाही, काय समजायचं ते समज. पंधराव्या वाढदिवसाला आमच्याकडे पोरी काय मागतात? घेरदार झगा, हॉल, वाल्झ नाचायला पंधरा पोरं. ही म्हणाली, ‘मादरिन्या, मला झगा नको, मला मशीन बांधून दे, पण मला सांगत सांगत बांध.’ वर्षभर, दर रविवारी, फोन समोर धरून. हा बोर्ड का, तो का नाही, रॅमच्या दोन पट्ट्या का, एक का नाही. असे प्रश्न मला इथल्या मेकॅनिकांनी कधी विचारले नाहीत! तिच्या बापाला कन्सोल घ्यायचा होता. ‘सोपं पडेल,’ म्हणे. मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, ही पोर डोक्यानं चालणारी आहे, तिला सोफ्यावर लोळणाऱ्यांचा डबा देतोस? भांडून भांडून माझंच खरं केलं. आणि कार्ड भारीतलं बसावं म्हणून सप्लाय — हो, साधा. लाल खटक्याचा. मीच. बघू नकोस असा.

आता ऐक कसं झालं ते, नाहीतर मनात काहीतरी भलतं धरून जाशील. इथं तपासलं, तीन तास चालवलं, गरम झालं नाही, काही नाही. मग माझी पद्धत अशी — दुसऱ्या गावचं मशीन असलं की आधी खटका सरकवायचा, वर चिकटपट्टी मारायची, आणि खोक्यावर लाल मार्करनं लिहायचं, २२०. सव्वीस वर्षं हाच क्रम. त्या दिवशी मी खोकं आधी सजवत बसले. फुलं काढली त्याच्यावर. या वयात, या हातांनी फुलं! ‘आमच्या रायानीला’ असं लिहिलं, खाली मोठ्ठं २२० लिहिलं, आणि लिहिलं म्हणजे झालंच असं वाटलं मला. चिकटपट्टीही मारली. न बघता. शिकाऊ पोरगं असतं तर कानाखाली आवाज काढला असता मी.

एकटीच होती ती घरात. बाप येईपर्यंत दम निघाला नाही तिला. बटण दाबलं, फट्ट झालं, धूर, पडदा जळला थोडा, पोर किंचाळत रस्त्यावर. मग एरिव्हाल्दोचा फोन — ‘लिंदाल्वा, खटका एकशेदहावर आहे, तू फिरवला नव्हतास का?’ सरळ विचारलं त्यानं. रागावलाही नव्हता. आणि मी — अरे, समोर चार गिऱ्हाइकं उभी, मोआसिर कॉफी घेऊन आलेला, कान टवकारून — मी म्हटलं, ‘खोक्यावर काय लिहिलंय ते वाच. चिकटपट्टी होती ना वर? मग ती काढली कोणी?’ एवढंच म्हटलं. तिचं नाव नाही घेतलं मी. नाव त्यानं घेतलं. कारण चिकटपट्टी तिनंच काढली होती, खटका बघायला, तिला वाटलं मादरिन्यानं ठेवलाय तसाच बरोबर असणार. झालं. बापाचं ठरलं, हिनंच सरकवला. दोन आकडे वाचता येत नाहीत, निघाली मशीनं बांधायला. दुसऱ्या दिवशी कन्सोल आणला, आणि तो धाकट्याला दिला, हिनं विचारून खेळायचं. तो कन्सोल — कळतंय ना तुला? — कुठल्याही भिंतीत खुपसा, एकशेदहा, दोनशेवीस, त्याचं तो ओळखतो. मोआसिर हसतो तेव्हा मला तेच ऐकू येतं.

तिला टेक्निकल स्कूलला जायचंय, इलेक्ट्रॉनिक्सला. फॉर्मवर बापाची सही लागते. सही करत नाही तो. शुक्रवारी मुदत संपते. मला सगळं माहितेय, तिच्या आईनं सांगितलं. — ‘खरं का सांगितलं नाही’ म्हणजे? काय सांगायचं? फोनवर पोर रडत म्हणाली, ‘मादरिन्या, मी हात नव्हता लावला,’ तर मी काय म्हटलं माहितेय? ‘होतं गं असं कधीकधी.’ — तू माझ्याकडे असं बघू नकोस म्हटलं ना! दोन मजले चढून आलेलं गिऱ्हाईक तू, तुला खटका कुठं असतो ठाऊक नाही, आणि तू मला तोंडं करून दाखवणार? भिते का मी कुणाला? आत्ता लावते फोन. तुझ्यासमोर लावते. शाळेतून आलीच असेल. बघ. वाजतोय.

हॅलो? रायानी? — मीच गं. — नाही, रविवार नाही, माहितेय. ऐक, मला तुला एक — काय? — माफी? कसली माफी? — कुणी सांगितलं तूच सरकवलास? — अगं, बाबा म्हणतो म्हणून? — आठवतं? खटका सरकवल्याचं आठवतं तुला? — हं. — हं. — नाही, रागावले नाही मी. कधीच नव्हते. — आणि फॉर्म? — पार्लरच्या कोर्सला? आईबरोबर? — हो. चांगला आहे. केस कापणारीला कधी काम कमी पडत नाही. — रडू नकोस. — बरं. बरं, केलं माफ. झालं? केलं म्हटलं ना. — ठेव.

— काय बघतोस? ऊठ. नाही बांधत मी मशीन तुझं. जा, बायकोचं ऐक. ऊठ त्या स्टुलावरून, शटर ओढायचंय मला.