रॉडखालचे हात

जबाब देणारी : वय २४ वर्षे, महिला पॉवरलिफ्टिंग संघातील खेळाडू, सकाळी जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीत नोकरी, राहणार खेळाडूंचे वसतिगृह, दुसरा मजला.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, जखमी मुलगी माझ्याच खोलीत राहते. बेंचवर आडवं पडून वजन ढकलताना एकजण डोक्यापाशी रॉडखाली हात धरून उभी राहते. त्याला आम्ही सपोर्ट म्हणतो. पहिल्यापासून तिला मी आणि मला ती सपोर्ट देत आलो.

मागच्या महिन्यात एक संशोधक बाई क्लबात आल्या. समलिंगी खेळाडूंबद्दल संघात किती आकस आहे, ते त्यांना मोजायचं होतं. यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हाच वाटलं. त्यांनी सर्वांना एकत्र बसवून विचारलं, "अशी मुलगी सपोर्टला चालेल का?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "चालेल की!" बाई खूश. त्यावर माझी मैत्रीण हसून म्हणाली, "सुटले बाई! मग सांगूनच टाकते, मी तशीच आहे."

दुसऱ्या दिवसापासून मुली कपडे बदलायला संडासात जाऊ लागल्या. मागे कोणी हसलं तरी माझे कान टवकारायचे. कॅप्टनने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं दोघींचं कधीपासून गं?" मी म्हटलं, "तोंड सांभाळ." बाईंनीच तिचे कान भरले असावेत, असा माझा संशय होता व आहे. मैत्रिणीचाही मला राग आला होता. सांगायची काय गरज होती?

घटनेच्या दिवशी तिने हाक मारली, "ये गं, आज जड लावलंय." मी जाऊन उभी राहिले. समोरच्या आरशातून कॅप्टन माझ्याकडेच बघत होती. तेवढ्यात रॉड खाली आला. तिच्या बरगड्या मोडल्या. रॉड मी व कॅप्टनने उचलला. संशोधक बाई त्या दिवशीही कोपऱ्यात बसून होत्या, त्यांनाही विचारावे.

तिचा दवाखान्यात घेतलेला जबाब हवालदारांनी मला आत्ता वाचून दाखवला. त्यात ती म्हणते, "मैत्रिणीचे हात रॉडखालीच होते. माझंच मनगट वळलं. तिला त्रास देऊ नका." हे ती मला वाचवायला म्हणते की टोमणा मारते, ते मला कळत नाही. बेंचवर पडलेल्याला वर बघितलं की सपोर्टचे हातच दिसतात. माझे हात पाठीमागे होते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मधलं तिचं बोलणं मी पुन्हा एकदा वाचायला लावलं. माझं सांगणं बरोबर आहे. तिचं नाही.